नशिबाची मोजदाद

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिकांकात गणिताचा लेख पाहून पुष्कळांचा हात पुढचे पान उलटायला जाईल, हे मी धरूनच चालले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी दहावीनंतर गणिताला हात जोडले ते कायमचेच. ‘गणित सुटले’ असे आपण म्हणतो, जणू काही ते जुनाट दुखणे होते. शास्त्र शाखेच्या मुलांनी आकडेमोड करावी आणि आपण कविता, इतिहास, समाज यांचा विचार करावा, अशी वाटणी कोणीतरी करून ठेवली आणि आपणही ती बिनतक्रार मान्य केली. माझा या वाटणीला विरोध आहे. तो नुसता तात्त्विक विरोध नाही. दोन माणसे समोरासमोर बसून डाव मांडतात तेव्हा कोण किती वेळा जिंकेल हे काढण्याचे एक छोटेसे गणित आहे. ते न येण्याची किंमत माझ्या घराने रोख पैशांत मोजलेली आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरात पुस्तके नव्हती, पण एक शब्द मात्र चोवीस तास वापरात असे. तो म्हणजे नशीब. पाऊस आला नाही, नशीब. म्हैस आटली, नशीब. मामाच्या मुलाला नोकरी लागली, त्याचे नशीब. आणि जत्रेत फासा उलटा पडला तरी नशीबच. माझे म्हणणे एवढेच आहे की या एका शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. म्हैस कधी आटेल हे मला सांगता येणार नाही. परंतु सहा बाजूंचा फासा शेकडो वेळा टाकला तर एक बाजू साधारण किती वेळा वर येईल, हे बसल्या जागी सांगता येते. जे मोजता येते त्यालाही नशीब म्हणणे हा निव्वळ आळस आहे, आणि या आळसावर दुसऱ्या कुणाचे तरी पोट चालते.

सुरुवात नाण्यापासून करू. छापा-काटा सर्वांच्या परिचयाचा आहे. मैदानावर दोन कर्णधार उभे राहतात, नाणे उडते, आणि सलग पाच सामने नाणेफेक हरलेल्या कर्णधाराला त्याचे मित्र धीर देतात, ‘आता तूच जिंकणार बघ.’ का बरे? नाण्याला मागचे पाच सामने आठवत नाहीत. त्याला हरणाऱ्याची दया येत नाही आणि जिंकणाऱ्याचा कंटाळाही येत नाही. सहाव्या खेपेलाही शक्यता निम्मीच. एवढी साधी गोष्ट, पण ‘आता येणारच’ या दोन शब्दांवर किती संसार बसले असतील!

आता थोडा कठीण प्रश्न. मी आणि तुम्ही खेळतो आहोत. नाणे दोनदा उडवायचे. दोहोंपैकी एकदा जरी छापा पडला तर मी जिंकले, नाहीतर तुम्ही. माझी जिंकण्याची शक्यता किती? हा प्रश्न मी वर्गातल्या मैत्रिणींना विचारला तेव्हा सर्वात जास्त आलेले उत्तर होते, तीनात दोन. कारण असे : पहिल्याच खेपेला छापा आला तर डाव संपला, ही एक गत. पहिल्यांदा काटा आणि मग छापा, ही दुसरी. दोन्ही वेळा काटा, ही तिसरी. तीन गतींपैकी दोन माझ्या. उत्तर चूक आहे. पण त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध विश्वकोशात १७५४ साली दालांबेर या नामवंत गणितज्ञाने नेमके हेच छापले होते. मेख अशी की या तीन गती सारख्या वजनाच्या नाहीत. पहिल्या छाप्याच्या पोटात दोन गती लपल्या आहेत, छापा-छापा आणि छापा-काटा. त्या सुट्या केल्या की एकूण चार गती होतात आणि त्यांतल्या तीन माझ्या. चारात तीन. गती मोजताना त्या सारख्या वजनाच्या आहेत ना, एवढे एक पाहिले की या विषयाचे निम्मे काम झाले. दहावीच्या बीजगणितात संभाव्यता नावाचे प्रकरण आपण सर्वांनी केले आहे. त्यात हेच होते. आपण गुण घेतले आणि विसरलो.

मला मात्र हे गणित पुस्तकाआधी आजीने शिकवले. तिला स्वतःला ते गणित आहे हे ठाऊक नव्हते ही गोष्ट वेगळी. उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर कोळशाने पाच-पाच घरांचा चौकोन आखायचा, फुलीची घरे करायची आणि चल्लसआठ खेळायचे. फासे म्हणजे चिंचोक्याच्या चार फाका. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. चारी एकदम टाकायच्या. जितक्या पांढऱ्या वर, तितके दान. चारी पांढऱ्या आल्या तर चार, आणि एकही पांढरी नसेल तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळते. ज्यांनी हे खेळले आहे त्यांना सांगायला नकोच.

आता यातल्या गती मोजा. प्रत्येक फाकेच्या दोन बाजू, म्हणून चार फाकांच्या एकूण गती सोळा. त्यांत एकही पांढरी नसण्याची गत एकच. एक पांढरी असण्याच्या चार, कारण ती चौघींपैकी कोणतीही असू शकते. तीन पांढऱ्यांच्याही चारच, कारण या वेळी तपकिरी राहणारी एकटी कोणतीही असेल. चारी पांढऱ्यांची पुन्हा एक. उरल्या सहा, त्या दोन पांढऱ्यांच्या. म्हणजे दोनाचे दान सोळात सहा वेळा, एक आणि तीन प्रत्येकी चार वेळा, चार आणि आठ प्रत्येकी एकदा. दोनाचे दान चाराच्या दानापेक्षा सहापट जास्त येते!

आजीला ‘सोळात सहा’ हे शब्द माहीत नव्हते. पण तिची सोंगटी माझ्या सोंगटीच्या पुढे दोन घरांवर उघडी उभी आहे, असे मी कधी पाहिले नाही. “दोनात बसू नगंस, दोन लई येतंय,” असे ती म्हणे. नाइलाजच झाला तर ती चार घरे पुढे जाऊन बसे, म्हणजे मला तिला मारायला सोळात एकच संधी. पाच घरे पुढे असली तर मला आधी चार आणि मग एक टाकावे लागे. त्याची शक्यता सोळात एक आणि त्यातली पुन्हा चारात एक, म्हणजे चौसष्टात एक. हे सगळे तिने पन्नास वर्षे ओट्यावर बसून, दाने बघून बघून, मनाशी मुरवलेले होते. मी वहीत जे पाच मिनिटांत काढले ते तिने आयुष्यभर खेळून काढले, आणि दोघींचे उत्तर एकच आले. विद्वान लोक याला अनुभव म्हणतील. मी याला मोजणेच म्हणते. निरक्षर माणूस मोजू शकत नाही हा आपला, शिकलेल्यांचा, गैरसमज आहे.

कवड्या घेतल्या तर मात्र वरचा हिशेब जसाच्या तसा चालत नाही. कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. तिची पाठ फुगीर, पोट सपाट आणि मध्ये फट. ती उताणी आणि उपडी निम्मी-निम्मी पडेलच असे नाही. समजा, एखादी कवडी पाचात दोनदाच उताणी पडते. फरक किरकोळ वाटतो. पण अशा चार कवड्या टाकल्या तर चारी उताण्या पडण्याची शक्यता ६२५ त १६, आणि चारी उपड्या पडण्याची ६२५ त ८१. म्हणजे आठाचे दान चाराच्या दानाच्या पाचपट झाले! कवडीचा जरासा कल एका कवडीत दिसत नाही, चार एकत्र आल्या की उघडा पडतो. म्हणून दुसऱ्याच्या कवड्यांनी खेळताना आधी त्या शंभरदा टाकून बघाव्यात, अर्थात तो टाकू देत असेल तर.

या विषयाचा शास्त्र म्हणून जन्म कसा झाला ही कथा मला फार आवडते, कारण ती एका अर्धवट राहिलेल्या डावाची आहे. आपल्या भाषेत मांडते. सुमन आणि मंदा यांनी प्रत्येकी बत्तीस रुपये मांडले, एकूण चौसष्ट. नाणे उडवायचे, छापा पडला की सुमनचा गुण, काटा पडला की मंदाचा. जिचे तीन गुण आधी होतील तिने सगळे पैसे घ्यावेत. सुमनचे दोन झाले, मंदाचा एक झाला, आणि तेवढ्यात एस.टी. आली. डाव मोडला. चौसष्ट रुपये कसे वाटायचे?

मंदा म्हणेल, डाव पुरा झाला नाही, ज्याचे त्याला द्या. सुमन म्हणेल, मी पुढे आहे, सगळे मला द्या. तिसरी शहाणी म्हणेल, गुण दोनास एक आहेत, पैसेही दोनास एक वाटा. १४९४ साली इटलीतल्या लुका पाचोली याने आपल्या ग्रंथात या तिसरीचाच मार्ग सांगितला होता. पुढे १५५६ मध्ये तार्तालियाने त्यावर बिनतोड हरकत घेतली : साठ गुणांचा डाव दहा-शून्य असताना मोडला तर काय सगळे पैसे पहिल्याला देणार? दुसऱ्याने तर अजून डाव हातातून घालवलेलाही नाही! हा गुंता सोडवला तो १६५४ साली, दोन फ्रेंच माणसांनी एकमेकांना पत्रे लिहून. एक ब्लेझ पास्कल, वय एकतीस. दुसरा पिएर द फर्मा, तुलूझच्या न्यायसभेतला कायद्याचा माणूस. म्हणजे गणित हा त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता, हे आपल्या शाखेच्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

त्यांचे म्हणणे असे की झालेल्या डावांकडे पाहूच नका, न झालेल्या डावांकडे पाहा. सुमनला आणखी एक गुण हवा, मंदाला दोन. तेव्हा जास्तीत जास्त दोनदा नाणे उडवले की निकाल लागणार. दोनदा उडवण्याच्या गती चार : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. फक्त शेवटच्या गतीत मंदा जिंकते. म्हणून चौसष्टाचे चार भाग करा. तीन सुमनला, एक मंदाला. अठ्ठेचाळीस आणि सोळा. पास्कलच्या पत्रातले आकडेही हेच आहेत, फक्त तिथे रुपयांच्या जागी त्या काळची सोन्याची नाणी आहेत.

इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल की पहिल्यांदाच छापा पडला तर डाव तिथेच संपतो, मग दुसऱ्यांदा नाणे उडवायचे कशाला, आणि छापा-छापा व छापा-काटा अशा दोन गती कशाच्या मोजता? रोबेर्व्हाल नावाच्या पॅरिसच्या प्राध्यापकाने नेमकी हीच शंका पास्कलपाशी काढली होती. उत्तर वर येऊन गेले आहे. दुसऱ्यांदा नाणे उडवले तरी निकाल बदलत नाही, मात्र गती सारख्या वजनाच्या होतात. न खेळलेला डाव कागदावर खेळून पाहायचा आणि त्यावरून आज हातात असलेल्या पैशांचा न्याय करायचा, ही कल्पना मला एखाद्या चांगल्या कवितेइतकी सुंदर वाटते. मराठीच्या सरांनी माफ करावे.

पण सर माफ करतील, कारण त्यांच्याच प्रांतात या विषयाची त्याहून जुनी कथा आहे. नलदमयंती आपल्याला रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून भेटते, आणि त्या आख्यानाचा विषय स्वयंवराचा. महाभारताच्या वनपर्वातली पुढची कथा मात्र फाशांची आहे. नल आपल्या भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळतो आणि राज्य हरतो, कारण त्याच्या अंगात कली शिरलेला असतो. पुढे तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि त्याला घेऊन विदर्भाकडे रथ हाकतो. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. राजा नुसत्या नजरेने सांगतो की दोन फांद्यांवर मिळून पाने पाच कोटी आणि फळे दोन हजार पंचाण्णव. नल हट्टाला पेटतो, रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो. आकडा बरोबर येतो! ही विद्या काय, असे विचारल्यावर राजा म्हणतो, मला अक्षहृदय कळते, म्हणजे फाशांचे मर्म, आणि मी संख्यानातही कुशल आहे. नल त्याच्याकडून ती विद्या घेतो, आणि ती येताक्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडून त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो.

झाड बेहड्याचेच का? त्या काळी द्यूताला बेहड्याची फळेच वापरत. फळांचा ढीग घ्यायचा आणि चारचारांनी मोजायचा. बाकी काही उरले नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कली. युगांची म्हणून जी नावे आपण पाठ करतो ती फाशांच्या दानांचीही नावे आहेत. दान मोजता येऊ लागले आणि कली अंगातून गेला. ही कथा रचणाऱ्याला या दोन गोष्टी एका क्षणी घडाव्यात असे वाटले, याचा विचार आपल्या प्रबोधनपर भाषणांत मी कधी ऐकला नाही. तिथे नल म्हटला की द्यूताचे दुष्परिणाम, आणि धर्मराज म्हटला की पुन्हा तेच.

धर्मराजाचे मला खरोखर नवल वाटते. शकुनी समोर बसला आहे आणि डावामागून डाव जिंकतो आहे. सामना बरोबरीचा असता तर सलग दहा डाव एकाने जिंकण्याची शक्यता १०२४ त एक. धर्मराजाला धर्म ठाऊक होता. एवढेही गणित ठाऊक असते तर दहाव्या डावाला तो थांबून म्हणाला असता, मामा, फासे जरा इकडे द्या पाहू.

आता घरची गोष्ट. आमच्याकडे जत्रा तीन दिवस चालते. तमाशाच्या तंबूमागे कापड अंथरून एक माणूस बसतो. कापडावर सहा चित्रे. हातात डबा, डब्यात तीन मोठे फासे, प्रत्येकावर तीच सहा चित्रे. तुम्ही एका चित्रावर पैसे ठेवायचे. तुमचे चित्र एका फाशावर आले तर ठेवलेले पैसे परत आणि तितकेच वर. दोन फाशांवर आले तर दुप्पट वर, तिन्हींवर आले तर तिप्पट. एकावरही नाही आले तर गेले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तीन रात्री तिथे बसत. एका वर्षी ऊसतोडीची उचल तिथे गेली. घरात त्यावर भांडण झाले नाही. आई म्हणाली, नशीब. आबा म्हणाले, माझंच नशीब खोटं. एवढ्यावर विषय मिटला आणि पुढच्या वर्षी आबा पुन्हा जाऊन बसले, कारण खोटे नशीब कधीतरी खरे होईल अशी आशा राहतेच.

गेल्या वर्षी मी आबांकडूनच तो खेळ नीट समजून घेतला. त्यांचा हिशेब असा होता : चित्रे सहा, फासे तीन, तेव्हा निम्म्या वेळा आपले चित्र येणारच. वर दोन-तीन फाशांवर आले तर जास्तीचा फायदा. म्हणजे खेळ खेळणाऱ्याच्या बाजूचा! ऐकायला अगदी रास्त वाटते. आता गती मोजा. तीन फाशांच्या एकूण गती २१६. आपले चित्र एकाही फाशावर नसण्याच्या गती पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५. नेमके एका फाशावर असण्याच्या ७५, दोनांवर १५, तिन्हींवर १. म्हणजे जिंकण्याच्या गती ९१ आणि हरण्याच्या १२५. निम्मे कुठले? एक-एक रुपया लावून सगळ्या २१६ गती एकेकदा आल्या असे धरले तर मिळतील पंच्याहत्तर, अधिक पंधराचे दुप्पट तीस, अधिक तीन, एकूण १०८ रुपये. आणि जातील १२५. दर २१६ रुपयांमागे सतरा रुपये कापडावरच राहतात. रात्रीतून दहा-दहा रुपये शंभरदा लावले तर सरासरीने सुमारे एकोणऐंशी रुपये. फासे अगदी खरे, माणूस प्रामाणिक, कोणी हातचलाखी करत नाही, तरीही.

आबांच्या नशिबाचा यात कुठेही संबंध नाही. त्यांच्या जागी कोणीही बसला असता तरी हिशेब हाच होता. नशीब खोटे नव्हते, डावच तसा बांधलेला होता.

याहून एक कडू गणित पुढे आहे. समजा डाव असा बांधलेला नाही, अगदी निम्मा-निम्मा आहे. नाणे उडवायचे, एक-एक रुपयाची देवघेव, आणि एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचे. माझ्याकडे एक रुपया आहे, तुमच्याकडे दोन. मी तुमचे सगळे जिंकण्याची शक्यता किती? पहिल्याच खेपेला निम्म्या वेळा मी संपले. उरलेल्या निम्म्या वेळा माझ्याकडे दोन आणि तुमच्याकडे एक होतो, म्हणजे आता मी बरोबर तुमच्या जागी आले. माझी मूळची शक्यता ही तुमच्या शक्यतेच्या निम्मी, आणि दोघांची बेरीज एक. म्हणून माझी तीनात एक, तुमची तीनात दोन. हाच विचार पुढे वाढवला की नियम मिळतो : ज्याच्याकडे जितका पैसा, तितकी त्याची शक्यता. शंभर रुपये घेऊन नऊशे रुपयेवाल्याशी बसलात तर दहात नऊ वेळा तुम्ही रिकाम्या हाताने उठाल. या प्रश्नाची मुळेही पास्कलपाशीच आहेत. त्याने तो १६५६ मध्ये फर्माला घातला आणि पुढच्याच वर्षी हॉयगेन्सच्या पुस्तकात तो छापून आला.

गणिताचे प्राध्यापक इथे मला अडवतील, आणि त्यांचे बरोबर आहे. दहात नऊ वेळा शंभर जातात तसे दहात एकदा नऊशे मिळतात, सरासरी शून्य, म्हणून खेळ न्याय्य. मान्य. परंतु घरातली चूल सरासरीवर पेटत नाही. ज्याचा डाव एकदाच मोडतो आणि मग खेळायलाच काही उरत नाही, त्याला सरासरी काय कामाची? अर्थशास्त्राच्या तासाला ‘समान संधी’ हा शब्द आला की मला हे शंभर आणि नऊशे आठवतात. नाणे दोघांना सारखेच असते. खिसा सारखा नसतो.

माझ्या या लेखावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. मुलीच्या जातीने जुगारावर लिहावे का, हा पहिला. त्याला मी उत्तर देत नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे : असली गणिते शिकवून आपण जुगाराला उत्तेजन देत नाही का? माझे मत नेमके उलट आहे. ‘जुगार : एक सामाजिक शाप’ या धर्तीचे निबंध आपण शाळेपासून लिहीत आलो. आबांनी ते वाचले नाहीत, आणि वाचून दाखवले असते तर मान खाली घालून ऐकून घेतले असते. नीतीचा उपदेश त्यांना सांगतो की तू वाईट आहेस. पत्रिका बघणारा सांगतो की तुझे ग्रह वाईट आहेत. सतरा रुपयांचा हिशेब त्यांच्यावर कसलाच आरोप करीत नाही, म्हणून तो त्यांना ऐकवला.

हल्ली जत्रेतले ते कापड मोबाईलमध्येही जाऊन बसले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगले झाले. पण दुकान बंद केले म्हणून गिऱ्हाइकाला हिशेब येतो असे नाही. दुसरे दुकान उघडते.

मला अभ्यासक्रमात नवा पेपर नको आहे. परीक्षा ठेवली की मोजणे थांबते आणि पाठांतर सुरू होते, हे आपण जाणतोच. प्रथम वर्षाच्या तर्कशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या सरांनी एक आठवडा चार चिंचोके आणि तीन फासे घेऊन वर्गात यावे, एवढेच मागणे आहे. ज्यांच्या घरात मोजणारे कोणी नव्हते अशी आम्ही बरीच मुले त्या वर्गात बसलेली असू, आणि सुटीत घरी जाऊ तेव्हा ते आमच्याबरोबर घरी जाईल.

दिवाळीच्या सुटीत मी हा २१६ चा हिशेब आबांना वहीवर मांडून दाखवला. एकेक गत समजून घेतल्याशिवाय त्यांनी पुढे जाऊ दिले नाही. शेवटी सतरा रुपये निघाले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग चार फासं का ठेवीत न्हाई त्यो? चार ठिवलं तर लोकं जास्ती येत्याल की.”

मला याचे उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही दोघे मोजायला बसलो. चार फाशांच्या गती १२९६. चित्र न येण्याच्या ६२५, एकदा येण्याच्या ५००, दोनदा १५०, तीनदा २०, चारदा १. मालकाला मिळतील ६२५ आणि द्यावे लागतील ८६४. मालक बुडाला! मग आबा म्हणाले, दोनाचे काढ. दोन फाशांच्या गती ३६. मालकाला मिळणार पंचवीस, द्यायचे बारा. इतकी लूट की लोक एका रात्रीत ओळखतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत.

आबांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. त्यांना आकडे वाचता येतात. तिन्ही बेरजांवरून त्यांनी बोट फिरवले, आणि म्हणाले, “म्हंजी त्यानं आधीच मोजलंया.”